निळा रंग कुणी उडवला

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील, आणि नसले तरी तू बरे आहेत असंच कळवशील, म्हणून विचारल्यासारखं करतो आणि पुढे जातो. माझी तब्येत उत्तम. अब्रू तेवढी आजारी आहे. फोन नेहमी काका उचलतात, म्हणून हे पत्र.

काका (प्रयोगशाळेत "सर", तिथे चुकून काका म्हटलं की दिवसभर अबोला) शुक्रवारी निवृत्तीचं व्याख्यान देणार, हे तुला आता तोंडपाठ असेल. त्यातला नवा शोध माझा, हे मी निदान चाळीस जणांना सांगून झालंय. निळ्या पाण्यात लोखंडाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की रंग उडतो. उडवतं कोण? सगळे हायड्रॉक्सिल रॅडिकलकडे बोट दाखवतात. हा प्राणी दिसत नाही, क्षणभर टिकत नाही. म्हणून त्याच्यापुढे अल्कोहोल ठेवायचं. तो त्याच्यावर तुटून पडला आणि रंग उडायचा मंदावला, की समजायचं गुन्हेगार हाच. माझ्याकडे अल्कोहोल घातलं काय, न घातलं काय, रंग सारखाच रेंगाळत जायचा. म्हणजे रॅडिकल निर्दोष आणि खरा कर्ता खुद्द लोखंड, जास्तीचा ऑक्सिजन अंगावर घेतलेलं. काका इतके खूश झाले, की त्यांनी स्वतः मला चहा करून दिला. (बिनसाखरेचा होता, मी दोन कप प्यायलो.)

परवा सिंकजवळचा अल्कोहोलचा कॅन संपला, म्हणून बाटल्या नुसत्या पाण्याने विसळून ओव्हनमध्ये वाळवल्या. रंग डोळ्यांदेखत गायब. आधी वाटलं, रंग घालायलाच विसरलो. तीनदा केलं, तीनदा तेच. आणि अल्कोहोल घातलेल्या बाटलीत मात्र रेंगाळला. मग डोक्यात उजेड पडला. बाटल्या लवकर वाळाव्यात म्हणून आमच्याकडे शेवटी अल्कोहोलने विसळतात. तळाशी चार थेंब राहणारच. म्हणजे दोन्ही बाटल्यांत मी त्या रॅडिकलला आधीच जेवू घातलं होतं, आणि वर तो गावातच नव्हता असा दाखला दिला होता.

हे सांगायला काकांच्या दारापर्यंत तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यांची खिडकी लावून परत आलो. दुसऱ्यांदा स्टेपलर मागितला. तिसऱ्यांदा ते व्याख्यान मोठ्याने वाचून बघत होते, आणि माझ्या नावाशी थांबून चष्मा पुसत होते. मावशी, मला फार वाईट वाटलं.

बाकी सगळं ठीक. आशीर्वाद असू देत.

तुझा भाचा

ता. क. हे पत्र ख्यालीखुशालीचं नाही, हे तू ओळखलंच असशील. शुक्रवारच्या आत, त्यांचं जेवण नीट झाल्यावर, तू त्यांना सांगशील का? मागोमाग मी येतो. ओरडा माझ्या वाट्याचा.

आ. ता. क. वर एक गोष्ट लिहायची टाळली. विसळायची ती पद्धत आमच्या सिंकवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेली होती. अक्षर काकांचं, तारीख बावीस वर्षांपूर्वीची. ज्या शोधनिबंधाने त्यांचं नाव झालं, तो वीस वर्षांपूर्वीचा, अशाच विसळलेल्या बाटल्यांतला. कागद मी काढून माझ्या खणात ठेवलाय, अजून कुणाला दाखवलेला नाही. तो त्यांच्या हातात तू देतेस, की मी देऊ?