बँडवाल्याचा दम

प्रिय बाईसाहेब,

एका घरात राहून पत्र लिहितोय म्हणजे म्हाताऱ्याला चळ लागला, असं म्हणशील. म्हण. पण खरं सांगतो, खालच्या मजल्यावरच्या त्या बँडवाल्याचा मला मत्सर वाटतो. साधासुधा नाही, अंगाचा तिळपापड होतो.

रोज सकाळी तुम्ही दोघं तळ्याकडे फिरायला निघता आणि मी खिडकीतून बघत बसतो. त्याने जन्मभर पितळी कर्णा फुंकला, मी जन्मभर लाकडाला पॉलिश मारलं. त्याची छाती फुंकून फुंकून भक्कम झाली, माझी त्या वासाने आणि भुशाने पोखरली. चढावरसुद्धा त्याच्या तोंडाचा पट्टा चालू! मध्येच शीळ घालतो लेकाचा. आणि तू हसतेस. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तुझे खांदे हलत असतात. माझ्या बोलण्यावर तू शेवटची अशी कधी हसलीस, मला आठवत नाही.

माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं. परवा माझं औषध घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत आला आणि धापही न टाकता म्हणाला, ‘काय भाऊ, कसं काय?’ मला आभार मानायचे नव्हते, म्हणून दम लागल्याचं सोंग केलं. ज्याला खराच दम लागतो त्याने सोंग करावं, म्हणजे बघ!

तुझंही चुकतंच. दवाखान्यातली व्यायामवाली मुलगी कानीकपाळी ओरडते, ‘काका, बसून राहिलात तर पायातलं बळही जाईल.’ आणि तू पाणी हातात देतेस, चपला पायाशी आणतेस, वर ‘तुम्ही उठू नका हो.’ प्रेमानेच करतेस, कळतं मला. पण नवऱ्याला ‘उठू नका’ आणि शेजाऱ्याला ‘चला’, हे कोणाला गोड लागेल?

म्हणून तू बाहेर पडलीस की मीही उठतो. आधी भिंत धरून मोरीपर्यंत जायचो, मग गॅलरीच्या टोकापर्यंत. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं. शेजारीण विचारते, ‘काका, कुठे निघालात?’ मी नुसता हात हलवतो. तू यायच्या आत खुर्चीत येऊन बसतो, जसा काही हललोच नाही. काल जिना उतरून फाटकापर्यंत गेलो. परत चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण चढलो.

उद्या त्याला सांग, ‘आज नवरा येतोय बरोबर.’ तळं राहू दे, कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊ. हे पत्र आधीच देतोय, कारण माझा श्वास एका वेळी एकाच कामाला पुरतो. चाललो तर बोलता येत नाही. तेव्हा माझं बोलून झालं असं समज आणि वाटेत तू बोल. त्याला काय काय सांगतेस, ते मला सांग. मी मध्येच थांबलो तर ‘काय होतंय’ विचारू नकोस, ‘घरी चला’ म्हणू नकोस. नुसती शेजारी उभी राहा.

तुझाच,
अहो