महाजनभाऊंनी लावलेली केबल

मंगळवार, १८ नोव्हेंबर

इतके दिवस इथे एक ओळही लिहिली नाही, चुकलंच.

आज मिलच्या सर्व्हरला सिरियल कन्सोल बसवला. नेटवर्क पूर्ण बंद पडलं तरी आता वेगळ्या फोन-लाइनवरून सर्व्हरचा पडदा मला बुधवाऱ्यातल्या घरातून दिसेल. आजवर तो रात्री-अपरात्री अडला की महाजनभाऊ मिलमधून फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवायचे, "बी, बॉलवाला बी." मग मी सांगेन ते टाइप करायचे. मिलने त्यांना ठेवलंय तेच त्यासाठी.

केबलही मी त्यांच्याकडूनच लावून घेतली. दोन्ही टोकांचा डेटा पाठवायचा वेग मी चुकून वेगळा ठेवला होता, म्हणून पडद्यावर नुसती गिचमिड.

"ताई, हे तर माझ्या नातवाचं अक्षर," भाऊ म्हणाले.

वेग सारखा केला, एंटर दाबलं, आणि सर्व्हरने नाव विचारलं. भाऊ खूश.

"चलो ताई, रात्रीची झंझट मिटली. आता निवांत झोपतो."

मी हसले. का हसले? मिलच्या साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं की कन्सोल चालला की भाऊंची जागा बंद. दिवसभर शेजारी बसून मी ते बोलू शकले नाही. चाचणी यशस्वी झाल्याचा मेल अजून पाठवलेला नाही. एक दिवस उशीर केला म्हणून काय वाचणार आहे? त्यांची नोकरी तर नाहीच. संध्याकाळपासून कानात तेच, बॉलवाला बी.

उद्या: मेल पाठवण्याआधी भाऊंच्या घरी जाऊन स्वतः सांगणे.