दोन तासांचं ऑइल सील

४ मार्च, सोमवार
ट्रॅक्टरखाली पुन्हा तेलाचं थारोळं. सासऱ्यांचा ट्रॅक्टर, आमच्या लग्नापेक्षा वयाने मोठा. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. मेहुणा म्हणतो, रविवारी व्यापारी बोलावलाय, देऊन टाकू ही कटकट. ही त्या रात्री जेवली नाही. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून याच ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरायला शिकली ती.
मी जाहीर केलं, रविवारच्या आत गळती बंद. इंजिनचं पुढचं ऑइल सील गेलंय, दुसरं काय. सील म्हणजे तरी काय, रबराची बांगडी. दोन तासांचं काम. ही म्हणाली, गॅरेजच्या मिस्त्रींना नुसतं दाखवू तरी. म्हटलं, बत्तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली, एक बांगडी नाही बदलता येणार?

५ मार्च, सकाळी ८
रेडिएटर उतरवला. आधी त्यातलं पाणी काढायचं असतं, हे पाणी बुटात गेल्यावर कळलं.

११.३०
पुलीचा नट जागचा हलत नाही. दोन तास खरं तर नटापासून मोजायचे असतात.

दुपारी ४
नट हलला. पाना सटकून अंगठाही हलला. हिने पट्टी बांधली. पुन्हा मिस्त्रींचं नाव काढलं. मी ऐकलंच नाही.

६ मार्च
पुली निघाली. ती आधीच वाकडी होती की माझ्या हातोड्याने वाकली, हा वादाचा मुद्दा आहे. मेहुण्याने तो वाद तासभर घातला. पुली ठोकून सरळ केली. म्हणजे बऱ्यापैकी सरळ.

७ मार्च
नवं सील बसवलं. स्पेअर पार्टवाला म्हणाला होता, स्प्रिंगची बाजू आत. पण गुळगुळीत बाजू आत असावी, हा साधा कॉमन सेन्स आहे. इंजिन सुरू केलं. पूर्वी थेंब पडायचे, आता धार लागली. हल्ली माल कसला बनवतात कोण जाणे.

८ मार्च
दुसरं सील. स्प्रिंग आत. (माझा मूळ विचार हाच होता. काल प्रयोग केला.)
चार मिनिटं एक थेंब नाही. हिला हाक मारली. हात पुसत धावत आली, हसली. सोमवारपासून पहिल्यांदा हसली. पाचव्या मिनिटाला सील तेलासकट बाहेर आलं. ती आत गेली. मला फार वाईट वाटलं. स्पेअर पार्टवाल्याला फोन करून झापलं.

९ मार्च
आज फक्त प्लॅनिंग. ही सकाळपासून ट्रॅक्टरचं मडगार्ड पुसतेय. उद्या जाणारच आहे तर कशाला, असं म्हणणार होतो. जीभ रेटली नाही.

१० मार्च, रविवार, सकाळी १०
हिने परस्पर मिस्त्रींना बोलावलं. मेहुणा आणि व्यापारी दारात उभे. मिस्त्रींनी सीलकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिनच्या बाजूच्या नळीत पक्कड घातली आणि चिंध्यांचा बोळा ओढून काढला. म्हणाले, इंजिन या नळीने श्वास सोडतं. नाकच बंद केलं, मग ते सील फोडून तेल ओकणारच.
नवं सील बसवलं, पुली घासून नीट केली. अर्धा तास इंजिन चाललं, खाली जमीन कोरडी. व्यापारी हात हलवत परत गेला. ही रडली. मीही जरा.
मग मिस्त्रींनी विचारलं, हे कोणी कोंबलं? गेल्या हिवाळ्यात त्या नळीतून धूर यायचा. मी दहा मिनिटांत बंद केला होता. उगाच कौतुक नको म्हणून कोणाला सांगितलं नाही. आताही नाही सांगितलं. म्हटलं, सासऱ्यांच्या काळातलं असेल, जुन्या माणसांची पद्धत.
हिने बोळा उलगडला. हिरव्या चौकडीची बाही. रिटायर झालो तेव्हा तिने हौसेने आणलेला शर्ट. इस्त्रीवाल्याने हरवला, असं मी सांगितलं होतं. त्यावरून तिने त्याला रस्त्यात चारचौघांसमोर धुतलं होतं. तेव्हापासून त्याच्याशी बोलणं बंद आहे.

संध्याकाळी ५
ट्रॅक्टर घरीच राहिला. ही शेतात दोन फेऱ्या मारून आली. माझ्याशी एवढंच बोलली की, उद्या सकाळी इस्त्रीवाल्याकडे जायचं, माफी मागायची, एकट्याने. आणि जाताना बाही सोबत न्यायची.