मागचं दार

प्रिय आकडेबाई,

हे नाव मीच तुला ठेवलं होतं आणि तू चिडायचीस, उलट मला काडेपेटी म्हणायचीस, तरी त्याच नावाने सुरुवात करतोय, कारण खऱ्या नावाने हाक मारायचं तोंड मला राहिलेलं नाही. अक्षर पाहूनच पाकीट फाडून टाकायचा विचार आला असेल तर थांब. शेवटपर्यंत वाच, मग खुशाल फाड. फक्त सोबत जोडलेले चार कागद बाजूला काढून ठेव.

कॉलेज सोडलं त्या दिवसाबद्दल मी कधी माफी मागितली नाही. तू फळ्यापाशी उभी राहून सांगत होतीस, की देशात तोंडं किती हे मोजून भागत नाही. ती कुठे आहेत, किती वयाची आहेत, आणि त्यांच्यासाठी पिकवणारे हात कुठे गेलेत, हेही बघावं लागतं. मी मागच्या बाकावरून उठलो आणि म्हणालो, की या बाई माणसांना पोती समजतात. वर्ग हसला. सरांनी खाली बस म्हटलं, तर मी वही आपटून निघूनच गेलो. खरं सांगू? तुझ्या आलेखाशी माझं काही वाकडं नव्हतं. आदल्या दिवशी तू कँटीनमध्ये माझ्या शेजारची खुर्ची सोडून दुसरीकडे बसलीस, एवढंच डोक्यात होतं. सायकल स्टँडवर फाटक बंद होईपर्यंत थांबलो. वाटलं, तू समजूत काढायला येशील. तू आली नाहीस, म्हणून मीही परत गेलो नाही. माझी ताई म्हणते, तू रागाने घर सोडतोस आणि चपला घरातच विसरतोस.

त्यानंतर काही वर्षं मिळेल ते काम केलं. मग माणसांच्या मोजणीचं काम निघालं आणि मी प्रगणक झालो. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, हातात खडू. दारोदार जायचं, घरात किती माणसं, कोण किती वयाचं, काय करतं, ते लिहायचं आणि चौकटीवर खडूने आकडा टाकायचा. घर बंद असेल तर फुली. पण फुली मारण्याआधी तीन वेगवेगळ्या दिवशी यायचं, घराला वळसा घालायचा, शेजाऱ्याला विचारायचं, हे प्रशिक्षणात दोनदा बजावून सांगितलं होतं. मी त्या वेळी वहीच्या कोपऱ्यात तुझं नाक काढत होतो.

माझ्या वाट्याला हमरस्त्याच्या कडेची एक वस्ती आली. साठ घरं. एकोणीस उघडी, एकेचाळिसांना कुलूप. तीन दिवसांचं काम होतं, पण मला त्याच दुपारची बस गाठायची होती. का, ते पुढे सांगतो. मी एकेचाळीस फुल्या मारल्या आणि बसथांब्यावर बसून रकाने भरले. एका भेटीच्या तीन भेटी केल्या. तारखा खऱ्या वाटाव्यात म्हणून तीन वेगळी पेनं वापरली. अभ्यासात कधी चालली नाही एवढी अक्कल त्या दिवशी चालली. वरच्या साहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले, तरुण माणसं चटपटीत असतात.

सहा महिन्यांपूर्वी मला धान्याच्या गोदामात तोलणाऱ्याची नोकरी लागली. गेल्या महिन्यात गाडीबरोबर मला त्याच वस्तीत पाठवलं. मोजणीत जितकी माणसं तितकंच धान्य, असा नियम आहे, म्हणून एकोणीस घरांपुरतीच पोती होती. मी काटा लावला आणि मान वर केली, तर घरांच्या मागून माणसं येत होती. काठ्या टेकत, नातवंडांना धरून, पिशव्या घेऊन. पुढच्या दारांवर माझ्या फुल्या तशाच होत्या, पावसाने थोड्या फिकटलेल्या. वाढलेल्या दाढीमुळे मला मात्र कुणी ओळखलं नाही.

कुलपांचं कारण मला तिथे कळलं. रस्ता रुंद झाल्यापासून ट्रक उंबऱ्याला घासून जातात. पोरांचे आईबाप शहरात कामाला गेलेत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना पोरांच्या मागे धावता येत नाही. म्हणून पुढचं दार बाहेरून कुलूप लावून बंद आणि सगळा राबता मागच्या दाराने, शेताकडून. म्हणजे कुलूप होतं ते आत माणसं होती म्हणूनच. आणि ते शेत? गुडघाभर गवत. कसणार कोण?

एकोणिसाव्या घराशी पोती संपली. एक आजी रिकामी पिशवी झटकत म्हणाल्या, मोजायला आलेला बाबा बहुतेक कुणाच्या तरी लग्नाला निघाला असेल, आम्हाला मेलेलं समजून गेला. दुसऱ्या म्हणाल्या, अगं मग तेराव्याला तरी यायचं होतं त्याने! सगळे हसले. आकडेबाई, मीसुद्धा हसलो. काट्यावरचा हात तसाच ठेवून हसलो. तेवढ्यात पहिल्या नंबरला धान्य मिळालेल्या एका आजोबांनी डब्याच्या झाकणाने आपल्या पिशवीतलं धान्य मोजून त्या आजींच्या पिशवीत टाकलं. त्यांच्या घरावर फुली नव्हती एवढंच त्यांचं नशीब. आजी जाताना मला म्हणाल्या, तू का रे तोंड पाडतोस बाळा, तुझा काय दोष? मी पाणी मागितलं आणि गाडीत जाऊन बसलो.

जरा जरी हिंमत असती तर तिथेच बोललो असतो. वर्गात नको तेव्हा तोंड उघडणारा मी, त्या दिवशी मुका झालो.

आता त्या बसचं सांगतो. त्या संध्याकाळी टाउन हॉलमध्ये तुझं भाषण होतं. भिंतीवर पत्रक पाहिलं होतं. तीन दिवस वस्तीत राहिलो असतो तर ते हुकलं असतं. मी मागच्या दारापाशी खांबाआड उभा होतो. तू म्हणालीस, प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहिलेलं असतं, आपण त्या पायांवर विश्वास ठेवतो. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझ्या नखांत अजून खडू होता.

गेल्या आठवड्यात गोदामाच्या साहेबांच्या टेबलावर अभिप्रायासाठी आलेला धान्यवाटपाचा अहवाल पाहिला. खाली तुझं नाव. पान सोळावर ती वस्ती आहे: साठांपैकी एकेचाळीस घरं रिकामी, माणसं निघून गेली, सबब तिथली धान्याची गाडी बंद करून बारा किलोमीटरवरच्या दुकानाला जोडावी. येत्या गुरुवारी त्यावर धान्यवाटप समितीची बैठक आहे. म्हणून हे पत्र. तुझं गणित बरोबर आहे, आकडा माझा आहे आणि तो खोटा आहे. गेले तीन दिवस रजा टाकून मी एकेचाळीस मागची दारं वाजवली. खरी रिकामी फक्त सात. चौतीस घरांत अठ्ठ्याऐंशी माणसं: त्रेपन्न साठीच्या पुढची, एकतीस पोरं, कामाच्या वयाची अवघी चार. तू वर्गात म्हणाली होतीस ना, हात गेले तरी तोंडं राहतात, तेच हे. या वस्तीला धान्य कमी नाही, जास्त लागणार आहे. नावं, वयं सोबतच्या चार कागदांवर आहेत. या वेळी पेन एकच वापरलंय. शेवटचं दार त्या आजींचं होतं. मी कोण ते त्यांना सांगितलं. माझ्या हातातल्या कागदाकडे बोट करून त्या म्हणाल्या, लिही, चार माणसं. मोजणी कचेरीत लेखी कबुली देऊन आलोय, नोकरी जाईल बहुतेक. समितीपुढे माझं नाव घे, बोलावलं तर येईन आणि विचारलं तेवढंच बोलेन. मला उत्तर नको. फक्त ते पान सोळा बदल.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटत असलेला, तरीही तुझाच,
मागच्या बाकावरचा काडेपेटी