हळदीच्या कॅसेटी

प्रिय जिज्ञासा बाय,

आजीचं पत्र बघून हसशील. तिसरी शिकलेली बाई मी, वेलांट्या कुठे चुकल्या ते काढत बसू नकोस. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर नेटवर्क नाही म्हणतेस. पेणला काय नेटवर्क नसतं गो? पत्र तरी मधेच कट होत नाही.

खरवईत सगळे बरे. घरासमोर आणखी एक बिल्डिंग झाली, ओट्यावरचं ऊन गेलं, माझा जवळा वाळत नाही. वरून एक बाई ओरडते, आजी, वास येतो! मी म्हटलं, बाय, वास आधीपासून इथलाच, तू मागून आलीस. तेव्हापासून चांगलं बोलते. परवा पाव किलो घेऊन गेली.

तर मुद्द्याचं. रिद्धीच्या कातडीचं आणि पायांचं दुखणं माझ्या हरेशचं, तुझ्या काकाचंच आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तू एकच विचारलंस, माझ्या पोरीचे पाय पुढे आणखी जातील का? कुणाला सांगता आलं नाही. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, ते मला कळतं.

आता ऐक. मुंबईहून वृंदा डॉक्टरीण आली होती, शिवमंदिराजवळ हरेशच्या बेलफुलांच्या दुकानातच. हे दुखणं वयाबरोबर कसकसं वाढतं, त्याचाच ती अभ्यास करते. या दुखण्याची पोरं तिला भेटतात, एवढा मोठा बाप्या भेटत नव्हता. तिने त्याचे पाय मापले, डोळ्यांत बॅटरी मारली, कातडीचे फोटो काढले. हरेश काय ऐटीत बसला होता! लहानपणी पोरं त्याला खवल्यांवरून रावस म्हणायची, आणि हा म्हणायचा, रावस महाग असतो, तुला परवडणार नाही. तू माझ्या लेकाची पोर, तुझा नवरा सनी माझ्या लेकीचा. दोघांकडून थोडं थोडं आलं नि रिद्धीत जमलं, असं तिने समजावलं. दोष कुणाचाच नाही म्हणाली, चहा पिता पिता.

मग मला विचारते, हा चवड्यांवर कधीपासून चालतो, वाढलं कधी? मला कुठली सालं आठवतात? मी म्हटलं, भावकीतल्या कोंडाजीच्या हळदीला भिंत धरून उभा होता, सईच्या हळदीला नाचला. ती म्हणे, नाचला? अगो, आगऱ्याच्या हळदीत बसून राहिलेला माणूस दाखव मला! आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात आलं, हळदीचं शूटिंग!

सगळ्या भावकीतून कॅसेटी गोळा केल्या. उल्हासनगरला एक सिंधी काका त्या पेन ड्राइव्हवर घालून देतात. म्हणाले, अम्मा, फंगस लगी है, पण पुसून पुसून काढल्या. बघता बघता त्यांनाच हसू फुटलं, अरे, ये तो हर शादी में है! खरंच गो. कोंडाजीच्या हळदीत भिंतीला, मग सईच्या, तुझ्या हळदीत मधोमध. दोस्त सदूच्या खांद्यावर हात आणि बेंजोवर तोच नाच. भिंत सुटल्यापासून तुझ्या हळदीपर्यंत हरेशचे केस गेले, पोट आलं, पाय होते तसेच. डॉक्टरणीने पुन्हा पुन्हा लावून बघितलं. म्हणाली, एकट्यावरून सगळ्यांचं सांगता येत नाही, रिद्धीचा व्यायाम सोडू नका, पण हे फार चांगलं लक्षण आहे. मी तिथेच रडले. डोळ्यांवर लाइट मारतात म्हणून त्या शूटिंगवाल्यांना किती शिव्या घातल्या होत्या मी! आता देवापुढे दिवा लावताना त्यांनाही हात जोडते.

आणि पत्र का, ते सांगते. तुझी आई म्हणाली, धर्मेशच्या हळदीला तू रिद्धीला सासूकडे ठेवून एकटी येणार, लोक बघतील म्हणून. सख्ख्या भावाची हळद, बाय! बघू देत लोकांना. शूटिंगवाल्याला मी सांगून ठेवलंय, नवरदेव थोडा कमी आला तरी चालेल, रिद्धीचे पाय नीट घे. हरेशचं कुणी मुद्दाम घेतलं नव्हतं, आपल्या नशिबाने निघालं. हिचं मुद्दाम घ्यायचं, दर हळदीला. उद्या दुसरी कुणी आई तुझ्यासारखंच विचारेल, तिला दाखवायला काही असू दे. हरेशनेही निरोप दिलाय, सदूचा खांदा आता दुखतो, यंदा मी आणि रिद्धी. तिने माझी पँट धरून नाचायचं, फक्त ओढायची नाही.

वाट बघणारी,
तुझीच,
पुतळाआजी