मॅग्नॅनिमस

शुक्रवार, १२ जून १९९८
सिंदी मेघे

आज केळझरचा मुलगा मला पाहायला आला होता. पाहायला कसला, माझी परीक्षा घ्यायला! कुठल्या तरी स्पर्धा परीक्षेसाठी रोज जाडजूड इंग्रजी शब्द पाठ करतो म्हणे. माझं नाव विचारलं नाही, शिक्षण नाही, पोह्याची बशी हातात घेतली आणि एकदम विचारलं, "मॅग्नॅनिमस म्हणजे काय?"

मला नाही आलं. बाबा ओशाळून हसले. मग त्यानेच ऐटीत अर्थ सांगितला, मोठ्या मनाचा.

तेवढ्यात त्याच्या आईला मिरचीचा ठसका लागला. "बाबू, थोडं पानी दे रे," त्या कशाबशा म्हणाल्या. तांब्या त्याच्याच हाताशी होता.

"चूप बस ना आई! मी बोलून राह्यलो ना!" आणि लगेच पुढचा शब्द.

शेवटी मीच उठून पाणी दिलं. ठसकाही दाबत दाबत त्या प्यायल्या. सवय झाली असेल. मोठ्या मनाचा म्हणे! एवढे शब्द डोक्यात कोंबून करायचे तरी काय?

ते गेल्यावर बाबा खुशीत. "काय इंग्रजी हाय पोराचं! कळवू ना त्याइले होकार?"

"नाई बाबा. मले तो नको."

"काऊन? शिकलेला पोरगा हाय."

"आईले घोटभर पानी देत नाई, तो मले काय देईन?"

बाबा न जेवताच भिंतीकडे तोंड करून पडले. आईने माझ्यापुढे ताट ठेवलं. "तू तं जेवशील ना?"

पोटभर जेवले.