अ‍ॅश्लीची तपासणी

८ मार्च २०१५, रविवार

फोन आला! सकाळी सव्वानऊला, अ‍ॅश्ली अपूर्णांक सोडवत बसली होती तेव्हा. शिक्षण खात्याच्या ऑफिसातला नूरुद्दीन नावाचा कारकून. हिंदी बोलत होता, हेल मलबारी. "मॅडम, आपकी बच्ची कौनसे स्कूल में है?"

म्हटलं, घरी शिकते.

"घर में? कौन पढाता है?"

मी. मी शिकवते.

पलीकडे नुसता कागद उलटल्याचा आवाज. मग म्हणाला, बावीस तारखेला मोठ्या बाई तुमच्या घरी येतील. मुलीला तपासतील. वह्यापुस्तकं काढून ठेवा.

तपासतील म्हणे! माझी मुलगी काय आजारी आहे?

अ‍ॅश्लीला सांगितलं, राँग नंबर. खोटं बोलले.

९ मार्च

नवऱ्याला, एरिकला, सोहारला फोन केला. तो कारखान्यात, मागे मशीनची घरघर. "मी तेव्हाच सांगितलेलं तुला" — एवढं एकच वाक्य स्वच्छ ऐकू आलं.

१० मार्च

बाईंनी विचारलं तर अडखळायला नको म्हणून लिहून ठेवते.

अ‍ॅश्ली आता दहा वर्षांची. तिसरीत होती तेव्हा वाचताना अक्षरं हलतात म्हणायची. "मम्मी, लेटर्स जागेवर राहत नाहीत." टीचरना सांगितलं, तर म्हणाल्या लक्ष नसतं. मग एकदा धडा वाचता आला नाही म्हणून बाकावर उभं केलं. पूर्ण तास. मुलं हसत होती. त्या दिवसापासून ती शाळेत बोलेनाशी झाली. एक शब्द नाही, सात आठवडे! घरी आली की उलटी. डिसेंबर २०१३मध्ये मी नाव काढून घेतलं.

मी लग्नाआधी, इथे आखातात येण्यापूर्वी, वसईला चार वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय. मला येतं शिकवायला. रव्यात बोटाने अक्षरं गिरवून घेतली, पट्टी ठेवून एकेक ओळ वाचून घेतली. आज ती वाचते. हळू वाचते, पण वाचते.

हे सगळं इंग्लिशमध्ये सांगायचंय आणि रडायचं नाही.

१२ मार्च, गुरुवार

एरिक संध्याकाळी आला. जेवणं झाली. मग अ‍ॅश्ली टीव्हीपुढे बसल्यावर हळू आवाजात — "त्यांनी लेखी दिलं की मुलगी कुठल्याच शाळेत नाही, तर कागद माझ्या मालकापर्यंत, अर्बाबपर्यंत जाईल. त्याने फॅमिली व्हिसा पुढे चालू ठेवला नाही, तर तुम्ही दोघी वसईला आणि मी इथे एकटा. तुला चालणार आहे?"

"तिला परत बाकावर उभं केलेलं तुला चालणार आहे?"

"सगळ्या शाळा तशा नसतात, डोरोथी."

मी उठून भांडी घासायला गेले. तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच जास्त राग आला.

१३ मार्च, शुक्रवार

घाला भागातल्या चर्चमध्ये मिस्सा. प्रार्थनेत एकच गोष्ट मागितली. इथेही लिहीत नाही.

१५ मार्च

अ‍ॅश्लीला सांगावंच लागलं. एक बाई येणार आहेत, तुझी परीक्षा घ्यायला. मला वाटलं घाबरेल. डोळे मोठे केले, विचारलं, "टफ असणार?" म्हटलं, नाही. पास झालीस की सगळं नीट होईल.

दुपारी न सांगता स्वतःहून वही घेऊन बसली!

१७ मार्च, मंगळवार

कळवलं कोणी? डोक्यातून जात नव्हतं. आज जिन्यात खालच्या मजल्यावरची रेखा भेटली. तिची मुलगी अ‍ॅश्लीच्याच वर्गात होती. सरळ विचारलं.

"हो, मीच कळवलं," म्हणाली. मान खाली नाही, काही नाही.

म्हटलं, का?

"डोरोथी, तुमची मुलगी रोज सकाळी गॅलरीत उभी राहून स्कूलबस बघते. माझी पोरगी हात करते तिला. तुम्हाला माहितीये?"

म्हटलं, सकाळी हवेसाठी उभी राहते ती. माझ्या घरात लक्ष घालायचं काही काम नाही तुम्हाला. जोरात बोलले. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं कोणीतरी.

दीड वर्षाची ओळख. खलास.

२० मार्च, शुक्रवार

अ‍ॅश्ली सकाळपासून पाढे म्हणतेय, भूगोल वाचतेय. सुट्टी घे म्हटलं तर नको म्हणते. आपल्यावर काय ओढवलंय हे तिला कळलंय. बिचारी मला वाचवायला अभ्यास करतेय. एरिकला म्हटलं, बघ, आपली पोर. तो तिच्यासाठी खाली जाऊन नव्या पेन्सिली घेऊन आला.

२२ मार्च, रविवार

आल्या. दहा वाजता. शम्सा नाव त्यांचं, पन्नाशीच्या, काळा अबाया, जाड चष्मा. सोबत नूरुद्दीन — फोनवर वाटला त्यापेक्षा फारच किरकोळ माणूस. मी कॉफी, खजूर पुढे केले. बाईंनी एक खजूर घेतला आणि वह्या मागितल्या. सोळा वह्या. एकेक पान. चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ!

मग मला म्हणाल्या, आता तुम्ही किचनमध्ये बसा. मी मुलीशी एकटीने बोलेन.

एकटीने! मी एरिककडे पाहिलं. तो मुद्दाम रजा टाकून थांबला होता. त्याने डोळ्यांनीच जा म्हटलं.

किचनचं दार लावून आम्ही दोघं उभे. बाहेर काहीच ऐकू येईना. अ‍ॅश्लीचा आवाजच नाही. मला त्या सात आठवड्यांची आठवण झाली. दाराच्या मुठीवर माझा हात गेला, एरिकने तो धरून ठेवला. "थांब. तिला वेळ दे."

आणि मग ऐकू आलं. वाचत होती. अनोळखी पुस्तक, अनोळखी बाईपुढे. एका शब्दाला थांबली. परत मागून सुरू केलं. पुढे गेली. पुढे गेली!

एरिक भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर बराच वेळ नुसतं बोलणं चाललं होतं, हळू आवाजात. मध्ये अ‍ॅश्ली हसलीसुद्धा.

जाताना बाईंना विचारलं, निकाल? "इन्शाल्ला, लवकर कळवू." वाचू कसं शिकवलंत, एवढंच विचारलं. रव्याचं सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

२९ मार्च

काही नाही.

२ एप्रिल, गुरुवार

पवित्र गुरुवार. फोन नाही. एरिक म्हणतो, उशीर होतोय म्हणजे चांगलं. मला उलट वाटतं. लोखंडी कपाटावरची मोठी बॅग उगाचच काढून पुसली. अ‍ॅश्लीने विचारलं, कुठे जायचंय? म्हटलं, धूळ बसली होती.

७ एप्रिल, मंगळवार

परवानगी मिळाली! नूरुद्दीन स्वतः कागद घेऊन आला. एक वर्ष घरी शिकवायला हरकत नाही. दर तीन महिन्यांनी बाई येऊन पाहतील. खाली अरबीत एक ओळ, नूरुद्दीनने वाचून दाखवली — मुलीची वाचनातली प्रगती उत्तम, मात्र बरोबरीच्या मुलांची सोबत हवी.

असू दे ती ओळ. लिहायचं म्हणून लिहिली असेल.

एरिक फोनवर ओरडलाच. संध्याकाळी केक केला. जिंकले. मी जिंकले! कागद बायबलमध्ये ठेवलाय.

८ एप्रिल, बुधवार

अ‍ॅश्ली सकाळी सातला उठून, आंघोळ करून, स्वतःच दोन वेण्या घालून किचनच्या दारात उभी. "मम्मी, मी पास झाले ना? मग कुठली स्कूल?"

तिला वाटलं होतं, बाई शाळेत घ्यायची परीक्षा घ्यायला आल्या होत्या. म्हणून तो सगळा अभ्यास.

मी खाली बसले. विचारलं, भीती नाही वाटत?

"वाटते. पण जायचंय."

दहा वाजता नूरुद्दीनला फोन लावला. म्हटलं, शाळांचे नंबर द्या.